अंगणवाडी सुटल्यावर

नाशिकला माझ्या वहिनीनं नोकरी सोडायचं मनावर घेतलंय. अंबडला एका लहान कारखान्यात ती पॅकिंग विभाग सांभाळते. मुलगी साडेतीन वर्षांची. अंगणवाडी दुपारी सुटते, वहिनी सुटते साडेपाचला. मधले तास आतापर्यंत आई काढत होती; आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. खासगी पाळणाघराची फी भरली तर पगारातलं फारसं काही उरत नाही. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पण पाळणाघराची सक्ती पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आहे. वहिनीकडे माणसं तीस.

फोनवर मी म्हटलं, ही सोय सरकारी पैशातून व्हायला हवी. दादाला ते पटलं नाही. "आपली पोरं आपण सांभाळायची. आणि द्यायचेच असतील तर सरकारनं पैसे हातात द्यावेत, लाडक्या बहिणीला देतात तसे. कुठं खर्चायचे ते बाई ठरवेल." त्याचं दुसरं वाक्य मला उडवून लावता येत नाही. दीड हजार रुपये स्वतःच्या खात्यात आल्यावर बाईच्या आवाजात काय फरक पडतो, हे मी माझ्या मावशीकडे पाहिलंय. तरीही या बाबतीत दादा चुकतोय असं मला वाटतं, कारण मी राहते त्या देशात नेमका हाच प्रयोग होऊन गेलाय.

2005 साली कॅनडाच्या केंद्र सरकारनं बालसंगोपनासाठी प्रांतांशी करार केले होते. 2006 मध्ये सरकार बदललं, ते करार गुंडाळले गेले आणि त्याऐवजी सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिना 100 डॉलर आईबापांच्या हातात पडू लागले. घरखर्चाला हातभार लागला. पण शंभर डॉलरमधून कोणी खोली बांधत नाही की शिक्षिका नेमत नाही. क्वेबेक प्रांतानं त्याआधीच, 1997 साली, वेगळी वाट धरली होती: सरकारनं थेट केंद्रांना पैसे द्यायचे आणि आईबापांनी दिवसाला फक्त 5 डॉलर. तिथं लहान मुलं असलेल्या बायका मोठ्या संख्येनं कामावर परतल्या. बाकीच्या देशाला हे स्वीकारायला 2021 उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी सुमारे 30 अब्ज डॉलर ठेवले गेले, फी सरासरी दिवसाला 10 डॉलरवर आणायची म्हणून. आमच्या ओंटारिओनं सगळ्या प्रांतांच्या शेवटी, मार्च 2022 मध्ये सही केली.

माझ्या थोरलीसाठी 2019 मध्ये मी महिन्याला 1,500 डॉलर भरत होते. धाकट्यासाठी दिवसाला 22 डॉलर भरते. या फरकामुळेच मी पूर्णवेळ कामावर परतू शकले.

पण धाकट्याला जागा मिळाली ती नाव नोंदवल्यानंतर एकोणीस महिन्यांनी. मी गरोदर असतानाच नाव घातलं होतं. एका केंद्रात खोली तयार होती, चिमुकल्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, पण खोलीला कुलूप होतं, कारण शिकवायला कोणी नव्हतं. फी खाली आली, मागणी वाढली. मुलं सांभाळणाऱ्यांचा पगार मात्र त्या वेगानं वाढला नाही. दिवसभर आठ-दहा पोरांचं रडणं, जेवण, झोप सांभाळणारी बाई गोदामात जास्त पैसे मिळतात म्हणून निघून गेली, तर तिला दोष कसा द्यायचा?

म्हणूनच महाराष्ट्राकडे पाहताना जीव तुटतो. इथं जे नव्यानं उभारावं लागतंय ते आपल्याकडे वाडी-वस्तीवर आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं आणि अनुताई वाघांच्या साथीनं बालवाडी पोरांच्या अंगणापर्यंत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आला. 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. खोली आहे, खिचडी शिजते आहे, आणि पोराला नावानं ओळखणारी ताई आहे. कमी आहेत ते दुपारनंतरचे तास.

ते तास फुकट मागू नयेत. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, आणि मला तीच वाट बरोबर वाटते. पण दुपारच्या तासांना वेगळी माणसं हवीत आणि त्यांना पगार हवा. सेविका आजही आहार वाटते, वजनं घेते, मोबाइलवर नोंदी भरते. लाडक्या बहिणीचे अर्जही तिनंच भरून घेतले. एवढं करून तिला मिळतं ते 'मानधन'. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, पन्नासहून अधिक दिवस, तेव्हा त्यांच्या मागण्यांत ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन होतं. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्येच मान्य केला होता. मानधन या शब्दात आदर आहे म्हणतात. मला त्यात हिशेब टाळणं दिसतं.

दादाला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई संध्याकाळपर्यंत थांबणार असतील तर मी पैसे भरायला तयार आहे." मी म्हटलं, तू एकट्यानं भरून एक मूल थांबेल, त्या खोलीत अठ्ठावीस आहेत.

वहिनीनं राजीनामा लिहून ठेवलाय, अजून दिलेला नाही. महिनाअखेरपर्यंत शेजारच्या काकू मुलीला बघणार आहेत.