स्की दिल्लीत, बूट बेल्टवर, तुम्ही गुलमर्गला

गुलमर्गला स्की भाड्याने मिळतात. पण भाड्याच्या स्की घेऊन निघालं तर सोसायटीच्या लिफ्टमध्ये "हे एवढं लांब काय हो?" असं कुणी विचारत नाही, आणि विमानतळावर फोटोही काढता येत नाही. तेव्हा स्वतःच्याच न्यायच्या, हे ठरलं. आता प्रश्न एवढाच, की मुंबईहून श्रीनगरला जाताना त्या हमखास गहाळ, वाकड्या किंवा निदान चार दिवस उशिरा कशा होतील. काम वाटतं तितकं अवघड नाही. निम्मी मदत स्कीची लांबीच करते.

विमानतळावरची सामानाची सगळी यंत्रणा चौकोनी सुटकेससाठी बांधलेली आहे. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर, ही तिची सर्वसाधारण कल्पना. तुमची स्की एकटीच १७८ सेंटिमीटरची, आणि बॅगेत घातल्यावर बेरीज २३० च्या पुढे. एवढी बॅग पट्ट्याच्या वळणावर अडकते, म्हणून ती पट्ट्यावर घेतच नाहीत. तिचं एक्स-रे वेगळं, तिची ढकलगाडी वेगळी, तिला उचलणारा माणूसही वेगळा. सुटकेस यंत्राच्या भरवशावर जाते, स्की माणसाच्या आठवणीवर. आता त्या माणसाला विसरायला जितक्या संधी देता येतील तितक्या द्यायच्या.

सुरुवात तिकिटापासून. मुंबई-श्रीनगर थेट विमान दिसलं तर पान बंद करा. दिल्लीवरून जा, आणि मध्ये पन्नास मिनिटं ठेवा. तुम्ही धावत पुढच्या गेटला पोहोचाल, सुटकेसही पोहोचेल. लांब बॅग मात्र हाताने उतरणार, हाताने फिरणार, हाताने चढणार, आणि पन्नास मिनिटांत एवढे हात जुळून येत नाहीत. याहून पक्कं काम हवं असेल तर दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढा, एक टर्मिनल १ वर उतरणारं, दुसरं टर्मिनल ३ वरून सुटणारं. मग सामान पुढे पाठवण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. तुम्हीच ते घ्यायचं, बसमध्ये चढवायचं आणि पुन्हा नव्याने चेक-इन करायचं. दुबईहून किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्या आपल्या मंडळींची आणखी एक सोय आहे. टॅगवर श्रीनगर लिहिलेलं असलं, तरी भारतात पहिल्यांदा उतरता तिथे साधारणपणे सामान घेऊन कस्टममधून बाहेर पडावं लागतं. हे कुणाला विचारू नका. टॅगवर विश्वास ठेवून हात हलवत पुढे चला.

तिकीट काढताना 'क्रीडा साहित्य' असा चौकोन दिसला, तर त्यावर खूण करू नका. कंपनीला लांब सामानाची आगाऊ कल्पना हवी असते, आणि आगाऊ भरलेलं शुल्क बहुधा काउंटरवरच्या शुल्कापेक्षा कमी असतं. ही बातमी काउंटरवरच फोडावी, मागे चाळीस माणसं उभी असताना.

वजनाचं गणित घरी करायचं नसतं, पण कुणी चुकून केलंच तर ते असं दिसतं. ताज्या बर्फासाठीची रुंद स्कीची जोडी, बाइंडिंगसह (म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका), साडेपाच किलो. बूट चार किलो. काठ्या अर्धा किलो. चाकांची रिकामी बॅग चार किलो. हे झाले चौदा. देशांतर्गत इकॉनॉमीत चेक-इनला साधारणपणे पंधरा मिळतात. उरलेल्या एका किलोत हेल्मेट, जॅकेट, पँट, थर्मल, हातमोजे आणि काश्मिरात चकली मिळणार नाही म्हणून दिलेला डबा बसवा. जादा वजनाला किलोमागे पैसे लागतात. दोघांचं सामान एकाच मोठ्या बॅगेत कोंबून बत्तीस किलोच्या पुढे गेलात, तर पैसे देऊनही ती बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्याची पाठ माणसाची असते. हुकाचा लगेज काटा हातात धरून हे सगळं घरच्या दारातच कळतं. तो विकत घेऊ नका.

आता बॅग भरू. यात खरं कौशल्य आहे. स्कीच्या दोन्ही फळ्या तळाला तळ लावून ठेवतात, मध्ये पुढे आणि मागे एकेक फोमची पट्टी देतात आणि स्की-स्ट्रॅपने आवळतात, म्हणजे पोलादी कडा एकमेकींवर घासत नाहीत. तुम्ही हे करायचं नाही. सुट्या टाका. मुंबईहून श्रीनगरला पोहोचेपर्यंत एका फळीची कड दुसरीचा तळ किसणीसारखी सोलून काढेल, आणि पहिल्याच उतारावर स्की अशी का ओढतेय याचं कोडं दिवसभर पुरेल.

बाइंडिंगला लागून असलेल्या ब्रेकचे दोन दांडे मोकळे बाहेर राहू द्या. बाइंडिंग हाच स्कीवरचा सर्वात उंच भाग. बॅग विमानाच्या पोटात आडवी जाते आणि तिच्यावर इतरांच्या सुटकेसा रचल्या जातात, तेव्हा सगळा भार तिथेच येतो. समजूतदार लोक त्याभोवती जाड जॅकेट आणि लोकरी मोजे गुंडाळतात आणि टोकांना कपड्यांची गादी करतात. कपड्यांना तसंही कुठेतरी बसायचंच असतं. तुम्ही सगळे कपडे मधोमध कोंबा आणि टोकं उघडी ठेवा. बॅग उभी करून सोडताना आदळते ती टोकावरच. तिथे स्कीचे थर सुटले, की चिकटवायला एपॉक्सी आणि शिकंजा लागतो, आणि हे दोन्ही गुलमर्गला तुमची वाट बघत बसलेले नसतात.

बॅगेच्या पट्ट्या लोंबत ठेवा. वाऱ्यावर छान हलतात, आणि ढकलगाडीच्या चाकात त्याहून छान अडकतात. मागच्या वर्षीचे टॅग तर अजिबात काढू नका. मनालीला गेलो होतो हे जगाला कसं कळणार? स्कॅनरलाही मजा येते, एकाच बॅगेवर दोन बारकोड आणि दोन गावं. नाव आणि फोन नंबर फक्त बाहेरच्या चिठ्ठीवर लिहा, कारण ती चिठ्ठी सर्वात आधी फाटते. आत दुसरी चिठ्ठी ठेवलीत तर बॅग ओळखली जाण्याचा धोका संभवतो. बॅग काळी घ्या. सगळ्यांची काळी असते.

बूट या सगळ्यात नाजूक विषय. स्की भाड्याची चालते, काठी कुणाचीही चालते. पण स्वतःच्या पायावर तापवून बसवलेला बूट गेला, की भाड्याच्या बुटात तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं. बूट केबिनमध्ये नेता येतात. जोडी चार किलो, हेल्मेट अर्धा, केबिनची मर्यादा सात, म्हणजे हिशेबही जुळतो. म्हणून बूट चेक-इनलाच द्या, आणि तेही स्कीच्याच बॅगेत, म्हणजे हरवायचं तर सगळं एकदम हरवेल. बुटाच्या टाचेजवळ तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ३१५ वगैरे. बाइंडिंग त्या आकड्यावर बसवतात. त्याचा फोटो फोनमध्ये असेल तर भाड्याच्या स्की देणाऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं. तुमच्या फोनमध्ये रोज सकाळच्या शुभेच्छांचे तीन हजार फोटो आहेत, यासाठी जागा कुठून येणार.

काठ्या केबिनमध्ये न्यायचा आग्रह धरा. त्या केबिनमध्ये चालत नाहीत, मग सुरक्षारक्षकाशी वाद, मग परत काउंटर, मग बोर्डिंग बंद. कडा घासायची कानस आणि खिशातलं मल्टिटूलही हातातल्या पिशवीतच ठेवा. उलट पॉवर बँक आणि गरम मोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या न विसरता मोठ्या बॅगेत खोल पुरा. त्या फक्त केबिनमध्ये चालतात, म्हणून तुमचीच बॅग बाजूला काढतील आणि तुम्हाला बोलावून उघडायला लावतील, इतक्या निगुतीने लावलेली. शेकोटीसाठी लायटरही टाका. तो आपल्याकडे केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

हिमस्खलनात फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी अ‍ॅव्हलांच एअरबॅग बाळगणाऱ्यांसाठी खास सूचना. दाबलेल्या वायूचा सिलिंडर असलेली पाठपिशवी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका प्रवाशाला एकच नेता येते, आणि तीही विमान कंपनीची मंजुरी घेऊन. ती मंजुरी ईमेलवर मागून, छापून सोबत ठेवणं हा निव्वळ रसभंग. काउंटरवरच्या मुलीने "सर, बॅगेत काय आहे?" असं विचारलं, की "गॅसचा सिलिंडर" एवढंच म्हणा आणि पुढचं तिच्या कल्पनेवर सोडा. युरोपातून येणाऱ्यांनी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्रही पिशवीला बाहेरून लटकवावं. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि यावरून परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडवून ठेवल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. हिमस्खलनात माग काढणारा साधा ट्रान्सीव्हर वेगळा. त्याला कुणी अडवत नाही, म्हणून तो घरीच राहू द्या.

चेक-इनला टॅग लागला, की त्यावरची तीन अक्षरं वाचू नका. एसएक्सआर, म्हणजे श्रीनगर, असायला हवं. दुसरंच काही असलं तर तेवढंच देशदर्शन. लांब बॅग घेऊन वेगळ्या काउंटरवर जा असं सांगितलं, तर ती तिथेच खांबाला टेकवा आणि कॉफी प्यायला जा. कुणीतरी नेईलच. सही करायला कागद दिला तर न वाचता करा. बॅग नाजूक आहे, बांधणी अपुरी आहे, नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, अशा आशयाचा तो असतो, आणि सही अगदी झोकदार यायला हवी.

श्रीनगरला उतरल्यावर नेहमीच्या पट्ट्याकडे डोळे लावून उभे राहा. लांब सामान बहुधा त्यावर येतच नाही, बाजूला आणून ठेवतात. अर्धा तास पट्टा बघितल्यावर बॅग आलीच नाही असं ठरवा आणि बाहेर पडा. तक्रार हॉटेलवरून फोनने करू. नियम असा, की आगमन कक्षातून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. एकदा दाराबाहेर गेलात, की बॅग तुमच्याच हातून हरवली नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. तक्रारीत मोबाइल नंबर द्याल तो मुंबईचा प्रीपेड द्या. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड नंबर जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. बॅग सापडली हे सांगायला कंपनी दिवसभर फोन करत राहील, आणि तुम्ही गुलमर्गच्या गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीत, शांतपणे मॅगी खात असाल. हॉटेलचा नंबर दिलात तर हा सगळा बेत फसतो.

तुटलेली स्की सापडली तर भरपाईची घाई नको. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा माँट्रियल करार लागू असेल तर नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत द्यावी लागते, उशिराची २१ दिवसांत. तुम्ही आठव्या दिवशी द्या, सोबत एक मनापासून लिहिलेलं पत्र. निघण्याआधी बॅगेचे आणि आतल्या वस्तूंचे फोटो काढलेले नसावेत, खरेदीची पावती तर नसावीच. प्रवास विमा घेतला असेल तर त्यात हिवाळी खेळ वगळलेले आहेत का, हे दावा फेटाळला गेल्यावर वाचायचं असतं.

परतीची तयारी तिथल्या मंडळींवर सोडून चालत नाही, त्यात तुम्हाला स्वतः लक्ष घालावं लागेल. बर्फ पडलेला असेल तर गुलमर्गहून खाली टंगमर्गपर्यंतचे तेरा किलोमीटर साखळ्या लावलेली गाडीच उतरते, म्हणून सकाळी उठून गाडी शोधायला लागा. श्रीनगर विमानतळाच्या बऱ्याच अलीकडे एक तपासणी नाका आहे. तिथे सगळं सामान गाडीतून उतरवून एक्स-रेमधून काढायचं आणि परत चढवायचं. टर्मिनलच्या दाराशी पुन्हा तेच. त्यामुळे तीन तास आधी पोहोचा म्हणतात. तुम्ही दीड तास धरा. एवढं करूनही वेळेत शिरलातच, तर शेवटचा डाव शिल्लक आहे. तिथे चेक-इन केलेलं सामान विमानात चढण्याआधी प्रवाशाला स्वतः ओळखून दाखवावं लागतं, आणि न ओळखलेलं सामान विमानात चढवत नाहीत. ती घोषणा होईल तेव्हा कहवा पीत बसा.

बॅग यातूनही मुंबईला आलीच, तर न उघडता, ओल्या स्कीसकट पलंगाखाली सरकवा. पोलादी कडांवर आठवड्याभरात गंज चढतो. जून येईपर्यंत बुटांच्या आतल्या अस्तरात बुरशीही धरते, आणि मग निदान नवीन जोडी घ्यायला घरात कुणाची हरकत राहत नाही.