‘फोस्टरचं पोर शिकत नाही’ हे साफ खोटं आहे

अमळनेरच्या माझ्या वहिनी बालगृहातल्या नऊ वर्षांच्या मुलीचं प्रतिपालकत्व (फोस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणं) घ्यायला निघाल्या आहेत. घरची चौकशी झाली, कागद बाल कल्याण समितीपुढे आहेत. तेवढ्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज त्यांच्यापर्यंत पोहोचला: ‘फोस्टरच्या पोरांपासून सावध. अभ्यास त्यांच्या रक्तातच नसतो. जुना दाखला नसला तर शाळा घेत नाही. लोक पैशासाठी पोरं ठेवतात. दहावीपर्यंत रेटा, मग कामाला लावा.’ वहिनींचा फोन आला, "भाऊ, हाई खरं शे का?"

नाही. आणि रक्ताची गोष्ट तर सगळ्यात संतापजनक आहे. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतली 136 तान्ही मुलं घेऊन हीच गोष्ट तपासली गेली. अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्मी प्रतिपालक घरांत दिली, निम्मी संस्थेतच राहिली. साडेचार वर्षांची झाल्यावर घरात वाढलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी 81 भरला, संस्थेतल्यांचा 73. 2007 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं. दोन्हीकडची मुलं त्याच अनाथालयांतून आलेली, मग फरक रक्ताने पडला की घराने? जी मुलं लवकर घरात गेली, ती जास्त सावरली.

आपल्याकडे प्रतिपालकत्वात येणारं मूल बहुतेक सहा वर्षांच्या पुढचं असतं. ते वर्गाच्या मागे असतं, हे मान्य करावं लागेल. घर बदललं, शाळा बदलली, मधली वर्षं तुटली, तर मागे पडणारच! धडगाव-अक्कलकुव्याहून आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी पोरंही अशीच मागे पडतात. त्यांच्या रक्ताचा विषय कोणी काढत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 मध्ये अशा मुलाला वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. वहिनींनी शाळेत पहिल्याच भेटीत तेच मागावं. घरी रोज कोणीतरी शेजारी बसून वाचून घ्यावं, आणि काही झालं तरी पुन्हा शाळा बदलू नये.

दाखल्याचं तर उघड खोटं आहे. त्याच कायद्याचं कलम 5 सांगतं की जुन्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम 14.

पैशाचं म्हणाल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात. वह्या, दप्तर, शिकवणी, दवाखाना एवढ्यात धरा आणि कोण श्रीमंत झालं ते मला दाखवा.

उरलं दहावीनंतर कामाला लावणं. बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना अठरानंतरही 21 वर्षांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आईबाप दोघंही नसतील तर महाराष्ट्रात शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का अनाथ आरक्षण आहे. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो. वहिनींना सांगितलंय, मुलगी त्यात बसत असेल तर तो अर्ज आत्ताच करा, दहावीची वाट बघू नका.