‘साइझऑफ वजा एक’ म्हणजे स्ट्रिंगची लांबी नव्हे

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर आणि इंटरव्ह्यूच्या नोट्समध्ये एक ‘टिप’ सारखी फिरत असते: स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, लांबी हवी तर साइझऑफमधून (sizeof, जागेचा आकार बाइटमध्ये सांगणारा) एक वजा करा, स्ट्रलेन (strlen, लांबी मोजणारं फंक्शन) हळू चालतं, आणि स्ट्रलेन देतं ती अक्षरांची संख्या. यातलं एकही विधान जसंच्या तसं कोडमध्ये घेण्यासारखं नाही.

आधी वजाबाकी. कंसात आकडा न देता कॅरॅक्टर अ‍ॅरे (मजकुरासाठी सलग राखलेली जागा) घेतला आणि त्यात रोमन लिपीतलं चार लेटरचं ‘पुणे’ ठेवलं, तर साइझऑफ स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटसकट ५ देतो. एक वजा केला की ४, म्हणजे उत्तर बरोबर, आणि नेमकं हेच उदाहरण सगळीकडे दाखवतात. अ‍ॅरे ५० चा करा, मजकूर तोच ठेवा: साइझऑफ ५०, स्ट्रलेन ४. साइझऑफ आतला मजकूर बघतच नाही, तो फक्त राखून ठेवलेली जागा सांगतो. खरा घोळ फंक्शनमध्ये होतो. पॅरामीटरच्या कंसात ५० लिहिलं तरी फंक्शनच्या हाती पॉइंटरच, म्हणजे जागेचा नुसता पत्ता, येतो, आणि ६४ बिट मशीनवर साइझऑफ ८ देतो. मग ‘पुणे’ असो की ‘कोल्हापूर’, लांबी ७! जीसीसी हा कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) इथे आपणहून वॉर्निंग देतो, ती सोडून देऊ नका.

स्ट्रलेन शून्य बाइट सापडेपर्यंत चालत जातं, हे खरं. पण एकदा बोलावल्याने काही बिघडत नाही. लूपच्या अटीत स्ट्रलेन लिहून आत त्याच स्ट्रिंगमध्ये बदल केला, की कंपायलरला ते सहसा लूपबाहेर काढता येत नाही. १०,००० बाइटच्या मजकुरावर मग सुमारे १० कोटी बाइट तपासले जातात. लांबी बदलणार नसेल तर ती लूपआधी एकदाच काढून ठेवा.

अक्षरांचा मुद्दा मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा: चार चिन्हं, १२ बाइट. स्ट्रलेन १२ सांगतं, वाचणारा २ मोजतो. ‘श्री’चेही १२ बाइट, पण दिसतं एकच अक्षर. २० बाइटच्या बफरमध्ये (मजकुरासाठी राखलेल्या जागेत) नाव १९ बाइटवर कापलं, तर सहा चिन्हं पूर्ण बसतात आणि सातव्याचा एकच बाइट उरतो. स्क्रीनवर चौकट किंवा प्रश्नचिन्ह येतं. म्हणून जिथे कापायचं, तिथल्या बाइटचे वरचे दोन बिट १० असतील तर तसे नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे सरका आणि त्याच्या आधी कापा. हे १० वाले बाइट वगळून बाकीचे मोजले की चिन्हांची संख्या मिळते. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायला मात्र आयसीयूसारखी, जगभरच्या लिप्या हाताळणारी लायब्ररी लागते, तीही नवी. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड या लिप्यांच्या जागतिक मानकात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला.

स्ट्रलेनवरही डोळे झाकून विसंबू नका. एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने घेतलेल्या ओळीत एंटरचं चिन्ह सहसा राहतं, त्यामुळे लांबी एकने जास्त येते. स्ट्रएनकॉपी या ठरावीक मर्यादेपर्यंत प्रत करणाऱ्या फंक्शनमध्ये मूळ मजकूर दिलेल्या मर्यादेइतका किंवा मोठा असेल, तर शेवटी शून्य बाइट पडतच नाही, आणि स्ट्रलेन बफर ओलांडून पुढची मेमरी वाचत सुटतं. मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने प्रत ठेवायला जागा मागताना स्ट्रलेन अधिक १ मागा, आणि चाचणीचा बिल्ड अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवा: असं बाहेरचं वाचन झालं की तो बहुतेक वेळा प्रोग्रॅम थांबवून ओळ क्रमांकच दाखवतो.