22 फेब्रुवारीचा दुसरा टोस्ट

जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला अमेरिकेतले फ्रीमेसन जेवणाच्या टेबलाभोवती उभे राहतात, ग्लास उंचावतात आणि त्याच्या स्मृतीला टोस्ट देतात. मला ही प्रथा मनापासून आवडते आणि ती बंद व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याच संध्याकाळी आणखी एका माणसाचं नाव घेतलं जावं, असं गेली काही वर्षं सतत वाटतंय. त्याचं नाव हर्क्युलिस. आज सविस्तर लिहिते.

मी उत्तर व्हर्जिनियात राहते. भारतातून पाहुणे आले की माउंट व्हर्नन, म्हणजे वॉशिंग्टनचं घर आणि शेतजमीन, दाखवणं ओघानं येतंच, आणि येता-जाता अलेक्झांड्रियाच्या टेकडीवरचं मेसन मंडळींचं वॉशिंग्टन स्मारक दिसतं. 333 फूट उंच मनोरा. वॉशिंग्टनच्या जन्माला 200 वर्षं झाली त्या 1932 साली त्याचं लोकार्पण झालं. पाहुणे हमखास विचारतात, "हे मेसन म्हणजे कोण?" ही बंधुत्वाची शपथ घेतलेल्या लोकांची जुनी संघटना, तिच्या शाखेला लॉज म्हणतात. वॉशिंग्टन 4 नोव्हेंबर 1752 ला फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये दाखल झाला, वयाच्या विसाव्या वर्षी. 1788 मध्ये अलेक्झांड्रियाच्या 22 क्रमांकाच्या लॉजला व्हर्जिनियाची सनद मिळाली, तिच्यात मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, म्हणून त्याचंच नाव होतं. 18 सप्टेंबर 1793 ला अमेरिकेच्या संसदभवनाची कोनशिला त्याने मेसन विधीने बसवली. आणि 1799 च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा उशाशी असलेल्या डॉक्टरांपैकी एलिशा डिक हा याच लॉजचा मास्टर होता. दफनाच्या वेळचे मेसन विधीही डिकनेच केले.

खुद्द वॉशिंग्टनने मात्र 1798 च्या एका पत्रात लिहिलंय की गेल्या तीस वर्षांत आपण लॉजमध्ये एक-दोनदाच गेलो असू. तरीही लॉजने त्याला इतकं आपलं मानलं, कारण त्याची मोठी गोष्ट हजेरीपटावर मावणारी नव्हतीच. 23 डिसेंबर 1783 ला अ‍ॅनापोलिसला त्याने सेनापतिपद काँग्रेसच्या हाती परत दिलं. हातात जिंकलेली फौज, समोर पैशाला महाग झालेलं सरकार, आणि हा माणूस राजीनामा देऊन शेतावर गेला. पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला आणि 1796 मध्ये तिसऱ्यांदा उभं राहायला नकार दिला. सत्ता सोडणं किती अवघड असतं ते आपण सगळेच पाहतो. म्हणून त्याच्या नावाने ग्लास उंचावला जातो तेव्हा मला ते अगदी योग्य वाटतं.

आता हर्क्युलिस.

तो वॉशिंग्टनचा मुख्य स्वयंपाकी. गुलाम. राजधानी फिलाडेल्फियात असताना राष्ट्राध्यक्षांच्या मुदपाकखान्याचा सगळा कारभार त्याच्या हाती होता. त्याच्या हाताची चव, त्याची शिस्त, त्याचे झकपक कपडे यांच्या आठवणी वॉशिंग्टनच्या घरातल्याच माणसाने लिहून ठेवल्यात. पेनसिल्व्हेनियात 1780 चा कायदा होता. बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता यायचं. ते टाळायला वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत काही दिवस राज्याबाहेर पाठवायचा आणि पुन्हा आणायचा. हे कुणी शत्रूने रचलेलं नाही, त्याच्याच पत्रव्यवहारात आहे.

1796 च्या अखेरीस हर्क्युलिसला फिलाडेल्फियाला परत नेलंच नाही. माउंट व्हर्ननला ठेवलं आणि खोदकाम, विटांचं काम, तण काढणं अशा मजुरीला लावलं. देशोदेशीच्या राजदूतांना ज्याने जेवू घातलं, तो ऐन थंडीत माती खणत होता. 22 फेब्रुवारी 1797 ला तिकडे फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षाचा पासष्टावा वाढदिवस थाटात साजरा होत होता, आणि त्याच दिवशी हर्क्युलिस माउंट व्हर्ननमधून निघून गेला. वॉशिंग्टनने त्याला शोधायचा प्रयत्न केला. तो सापडला नाही.

त्या वसंतात फ्रान्सचा लुई फिलिप, जो पुढे राजा झाला, माउंट व्हर्ननला आला होता. त्याच्या रोजनिशीत एक नोंद आहे. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, वडील आता पुन्हा दिसणार नाहीत, तुला फार वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, नाही, मला खूप आनंद झालाय, कारण ते आता स्वतंत्र आहेत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुढे वाचूच शकले नाही.

त्या मुलीला पुढेही स्वातंत्र्य मिळालं नाही. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या 123 गुलामांना मुक्त करायचं लिहिलं, तेही बायको मार्थाच्या मृत्यूनंतर. मार्थाने त्यांना 1 जानेवारी 1801 लाच मुक्त केलं, म्हणजे फरार हर्क्युलिसही कायद्याने मोकळा झाला. पण 1799 मध्ये माउंट व्हर्ननला एकूण 317 गुलाम होते. त्यांतले बरेचसे मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, ज्यांना मुक्त करायचा अधिकार दोघांनाही नव्हता. हर्क्युलिसची बायको त्यांतली, म्हणून मुलंही त्यांतलीच. मार्थाच्या मृत्यूनंतर ती माणसं वारसांमध्ये वाटली गेली.

माझ्या ओळखीच्या एका मेसन गृहस्थांशी मी याबद्दल बोलले. फार सज्जन माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायचा नाही हा आमचा जुना नियम आहे, आणि वाढदिवसाच्या दिवशी दोष काढू नयेत. पहिला मुद्दा मला पटत नाही. गुलामाचं नाव घेणं हे राजकारण असेल तर ते न घेणंही राजकारणच आहे. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याच लॉजमध्ये टांगलेलं आहे. 1794 मध्ये अलेक्झांड्रिया लॉजने विल्यम जोसेफ विल्यम्स या चित्रकाराकडून वॉशिंग्टनला प्रत्यक्ष समोर बसवून चित्र काढून घेतलं. अंगावर मेसन पोशाख आहे आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण, गालावरचा डाग, थकलेली त्वचा, सगळं जसंच्या तसं आहे. वॉशिंग्टनच्या इतर चित्रांत हे सहसा दिसत नाही. त्या मंडळींनी ते रंगवू दिलं, जपलं आणि आजतागायत मानाने ठेवलं. त्यांना आपला भाऊ खराखुरा हवा होता. मी टोस्टबद्दल हेच मागतेय.

शिवाय बंधुत्वाचा प्रश्न लॉजसाठी परका नाहीच. 6 मार्च 1775 ला बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल आणि आणखी 14 स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषांनी ब्रिटिश फौजेतल्या एका लॉजकडून दीक्षा घेतली. 1777 मध्ये याच प्रिन्स हॉलने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामांच्या मुक्ततेसाठी अर्ज केला. त्याच्या लॉजला 1784 मध्ये सनद दिली ती इंग्लंडने. गोऱ्या अमेरिकन लॉजनी त्या परंपरेला बंधू म्हणून मान्यता द्यायला पुढची दोनशे वर्षं घेतली, कनेक्टिकटने 1989 मध्ये दिली. आपल्या मुंबईतही असंच झालं होतं. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना तिथल्या लॉजचं दार उघडेना, म्हणून त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्सच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही भारतीय लोकांना प्रवेश देणारी लॉज निघाली.

मराठी माणसाने यात का पडावं, असं कुणी विचारेल. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी या देशातल्या गुलामांचं दुःख आपलं मानलं होतं. मी तर माउंट व्हर्ननपासून गाडीने अर्ध्या तासावर राहते.

काय करता येईल तेही सांगते. वॉशिंग्टनचा टोस्ट आहे तसाच, पहिला, उभं राहून. त्यानंतर दुसरा, त्याच मानाने: "हर्क्युलिस, जो 1797 मध्ये याच दिवशी स्वतः स्वतंत्र झाला." आणि शक्य असेल तर तो देण्यासाठी जवळच्या प्रिन्स हॉल लॉजमधल्या एखाद्या बंधूला सन्मानाने बोलवावं. एका मिनिटाचं काम आहे. एकापाठोपाठ तेरा टोस्ट, तेव्हाच्या प्रत्येक राज्याच्या नावाने एक, अशी अठराव्या शतकात इथे पद्धतच होती, त्यामुळे दुसऱ्या टोस्टला परंपरेची आडकाठी नाही.

त्या गृहस्थांनी हे लेखी मागितलं होतं, ते मी कालच पाठवलं. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः मेसन असाल, व्हर्जिनियात, मेरीलँडमध्ये किंवा अगदी मुंबई-पुण्यात, तर फेब्रुवारीचा कार्यक्रम ठरायच्या आधी तुमच्या लॉजमध्ये विषय काढाल का? मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.