‘तोंड मिटंना म्हणजे हाड अडकलंय’? थांबा, हात घालू नका

आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय: ‘कुत्र्याचं तोंड उघडंच राहिलं, लाळ गळायली, तर हाड अडकलंय. हात घालून काढा. नाही निघालं तर जबड्याला झटका द्या, हळद-तेल चोळा, आपलीच दुखण्याची गोळी द्या. डॉक्टरला पैसे कशाला?’

हाड अडकतं, हे खरं. शेजारच्या आखाड्यावर नळीची कडी मोत्याच्या खालच्या दोन्ही सुळ्यांवर चढून बसली होती. पण तो गप पडला नव्हता. पंजानं थोबाड ओरबाडत होता, बांधाला तोंड घासत होता. याउलट जे कुत्रं कोपऱ्यात मलूल पडलंय, खालचा जबडा सैल लोंबतोय, पाण्यात तोंड घालतं पण गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, तिथं पहिली शंका पिसाळल्याची घ्यायची. रेबीजचा हा मुका प्रकार. अंगावर येत नाही, म्हणूनच माणसं फसतात आणि घशात हात घालतात. विषाणू लाळेत असतो, बोटावर साधं खरचटलेलं असलं तरी पुरे. हात घातलाच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. माणसात लक्षणं दिसू लागली की मग हातात काही राहत नाही.

लोंबणारा प्रत्येक जबडा रेबीजचाच नसतो. जबडा मिटवणाऱ्या नसांना सूज आली तरी असंच दिसतं, आणि नीट भरवलं-पाजलं तर असं कुत्रं बहुधा काही आठवड्यांत आपोआप सावरतं. ‘आमचं तेलानं बरं झालं’ म्हणणाऱ्यांचं गुपित मला इथंच दिसतं. पण दोन्हींतलं कोणतं, हे ओसरीवर बसून ठरत नाही.

झटक्याचं तर बोलूच नये. तोंड उघडतच नसेल तर तो वेगळा आजार. कधी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चावण्याच्या स्नायूंवर उलटते. वेळेत स्टिरॉइड मिळालं तर तोंड पुन्हा उघडू शकतं, उशीर झाला की स्नायू वाळतात, कपाळाच्या बाजू खोल जातात आणि जबडा आखडून बसतो. कधी धनुर्वात असतो. मोटारसायकलची धडक बसलेली असेल तर हाड मोडलेलं असतं, त्यावर झटका म्हणजे कसाईपणाच.

हळद-तेल बाहेरून चोळल्यानं फार बिघडत नाही, एवढंच. डोळ्याखाली सूज असेल तर पुष्कळदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो, तिथवर तेल पोचत नाही. गोळी मात्र देऊच नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं.

जबडा लोंबला, उघडंना झाला, सुजला किंवा वाकडा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 1962 ही जनावरांच्या उपचाराची सरकारी हेल्पलाइन, तिथं फोन लावा, तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, परभणी आणि उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयंच आहेत. तोवर कुत्रं एका खोलीत कोंडा, लेकरं लांब ठेवा. रेबीजची लस कधी दिली ते फोनवरच सांगा. दिलीच नसेल तर तेही सांगा, म्हणजे तपासणारा हातमोजे घालूनच पुढं येईल.