"धुतलेली हत्यारे आणि सव्वा तासाची रखडपट्टी" या अभिप्रायास रुग्णालयाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण चार दिवसांपूर्वी आमच्या सांगलीतील रुग्णालयाविषयी लिहिलेला अभिप्राय मी तीनदा वाचला. आपल्या वडिलांना उपाशीपोटी सव्वा तास जास्त ताटकळावे लागले आणि तेवढ्या वेळात कोणीही आपल्याला नीट कारण सांगितले नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. त्यांच्या आजाराविषयी येथे चारचौघांत लिहिणे मला शोभणार नाही. परंतु "दुसऱ्यांच्या पोटातली धुतलेली हत्यारे वापरली", "जुने हिरवे कपडे अंथरले" आणि "यंत्र बिघडलेले असताना ऑपरेशन उरकले" असे जे तीन आक्षेप आपण घेतले आहेत, त्यांपैकी तिसऱ्यावर मला गप्प बसवत नाही.

यंत्र बिघडले नव्हते. त्या दिवशी सकाळी साडेसहाला ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या त्या यंत्रात, पहिला लोड, म्हणजे गठ्ठ्यांची पहिली खेप, लावला होता. १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि चौरस इंचाला १५ पौंड दाब गाठल्यावर पूर्ण अर्धा तास तो तसाच ठेवावा लागतो; वाफ चढायला लागणारा वेळ त्याआधीचा आणि गठ्ठे आतच कोरडे होऊ द्यायचे तो वेळ त्यानंतरचा, कारण ओलसर कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपू शकतात आणि असा गठ्ठा निर्जंतुक धरला जात नाही. सगळे गठ्ठे बाहेर आले तेव्हा वरच्या चिकटपट्टीवरच्या रेघा व्यवस्थित काळ्या झालेल्या होत्या. घाईतला माणूस तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु ती पट्टी गठ्ठा यंत्रातून जाऊन आला एवढेच सांगते. वाफ त्याच्या पोटापर्यंत पोचली की नाही, हे आत ठेवलेल्या दुसऱ्या पट्टीवरून कळते, आणि सिस्टरांनी थिएटरमध्ये गठ्ठा उघडला तेव्हा आतली पट्टी अर्धवटच बदललेली निघाली. ड्रम, म्हणजे कपडे भरून यंत्रात ठेवायचा डबा, ठासून भरला गेला होता, ही चूक आमचीच. कपडे दाबून भरले की मधली हवा बाहेर निघत नाही, आणि हवा अडून राहिली की तेथे वाफ शिरत नाही. तो सगळा लोड रद्द केला, गठ्ठे सैल बांधून पुन्हा लावला, पुन्हा अर्धा तास, पुन्हा कोरडे करणे. आपल्या सव्वा तासाचा हिशोब एवढाच आहे. ती पट्टी पाहून न पाहिल्यासारखे केले असते तर शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली असती आणि आपल्याला काही कळलेही नसते.

"अडाणी माणूस यंत्रापाशी बसवला आहे" हे वाक्य मात्र फार लागले. ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते आमचे कर्मचारी बावीस वर्षे हे यंत्र सांभाळतात. आठवड्यातून एकदा उष्णतेला अत्यंत चिवट असलेल्या जिवाणूबीजांची कुपी लोडमध्ये ठेवून, ती बीजे खरोखर मेली की नाही याची चाचणी ते करून घेतात आणि वहीत नोंदवतात. त्या दिवशी "डॉक्टर, हा लोड चालणार नाही" असे मला येऊन सांगणारे तेच होते.

हत्यारांबद्दल थोडक्यात सांगतो. सुया, सिरिंज, ब्लेड, टाक्याचे धागे, हातमोजे आणि सलाईनचे सेट आमच्याकडे प्रत्येक रुग्णासाठी नवे फोडले जातात, त्यांत कधीही काटकसर होत नाही. कात्री, आर्टरी फोर्सेप, नीडल होल्डर, रिट्रॅक्टर ही स्टीलची हत्यारे मात्र धुऊन, घासून, निर्जंतुक करून पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेली असतात, आणि मोठ्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही ती तशीच वापरली जातात. "त्यापेक्षा मिरजेला गेलो असतो तर बरे झाले असते" असे आपण लिहिले आहे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून लोक मिरजेला जातात, त्याचे मला वाईट वाटत नाही. परंतु स्टीलची कात्री तेथेही एकदा वापरून कोणी फेकून देत नाही.

खरा निवड करण्याजोगा प्रश्न गाऊन आणि ड्रेप (शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णावर अंथरायचे कापड) यांचा आहे. सुती कापड भिजले की जंतूंना पुरेसे अडवत नाही, हा त्याचा दोष मी मान्य करतो, आणि म्हणूनच जेथे रक्त किंवा पाणी जास्त असते तेथे आम्ही आपणहून डिस्पोजेबल ड्रेप वापरतो. इतर वेळी, कापड धड आणि निर्जंतुक असेल तर दोन्हींपैकी काहीही चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शस्त्रक्रियाविषयक मार्गदर्शक सूचनांतही दोन्ही पर्याय ग्राह्य धरले आहेत. डिस्पोजेबल किटचे आम्ही १,८०० रुपये घेतो आणि धुलाई व निर्जंतुकीकरणाचे ६००. आदल्या संध्याकाळी काउंटरवर हे दोन्ही आकडे आपल्याला सांगितले होते, आणि "डॉक्टरसाहेब, कापडाचेच चालेल, उगाच खर्च नको" हे शब्द आपलेच होते. त्यात गैर काहीच नव्हते, मीही आपल्या जागी हेच म्हटले असते. परंतु ६०० रुपयांचे बिल भरल्यावर १,८०० रुपयांचे किट मिळाले नाही म्हणून एक तारा द्यायचा, हे मला न्यायाचे वाटत नाही. आणि पादत्राणे घालून थिएटरच्या हद्दीच्या लाल पट्ट्याच्या आत येऊन आपण मळक्या कपड्यांच्या बादलीचा जो फोटो काढला, ती बादली धुवायला निघालेली होती, वापरायला नव्हे.

हे कापड आणि हा ऑटोक्लेव्ह आम्ही केवळ पैशांसाठी सांभाळलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले, महामार्ग बंद पडला आणि पुरवठादाराचे एकही खोके येईना, तेव्हा जनरेटरवर हाच ऑटोक्लेव्ह चालवून आम्ही अडलेल्या बायकांची सिझेरियन केली. पुढच्याच वर्षी करोनात एकदाच वापरायच्या गाऊनसाठी सगळीकडे वणवण चालली होती, तेही आपल्याला आठवत असेल. शिवाय वापरून झालेला रक्ताळलेला डिस्पोजेबल ड्रेप हवेत विरत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो पिवळ्या पिशवीतून जाळायला पाठवावा लागतो.

जुन्या पिढीचे सगळेच बरोबर होते असे मात्र मी म्हणणार नाही. मी शिकत होतो तेव्हा रबरी हातमोजेसुद्धा धुऊन, पावडर लावून पुन्हा घातले जात. आज तसे करणाऱ्याला मी स्वतः थिएटरमधून बाहेर काढीन.

आपल्या तक्रारीनंतर ड्रम किती भरायचा याची खूण आतून करून घेतली आहे. विटलेले ड्रेप टप्प्याटप्प्याने बदलत आहोत, आणि उशीर झाल्यास नातेवाइकांना वेळेवर सांगण्याची काहीतरी पद्धत लवकरच बसवू. तारे किती द्यावेत हा आपला अधिकार आहे. "यंत्र बिघडलेले असताना" एवढे शब्द मात्र कृपया काढावेत, कारण ते वाचून कालच एका रुग्णाने ठरलेली तारीख रद्द केली. ती अर्धवट रंगलेली पट्टी त्या दिवशीच्या नोंदीशेजारी वहीत चिकटवलेली आहे. वडिलांना टाके काढायला आणाल तेव्हा पाहून घ्यावी. वही मामांच्या टेबलावरच असते.

आपला नम्र,
संचालक व शल्यचिकित्सक