होडी खंय चल्ली?

60 फूट लांब आणि 6 फूट उंच भिंत म्हणजे 360 चौरस फूट. आमच्या वाडीत माणसं त्याहून थोडी जास्तच आहेत. म्हणजे माणशी एक चौरस फूटसुद्धा धड वाट्याला येत नाही, आणि आमच्याकडे याहून कमी जागेसाठी तीन-तीन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. हा हिशेब मी आधी करायला हवा होता.

मुंबईत तीस वर्षं जाहिरातींची चित्रं काढून मी गावी परतलो. गाव देवगड आणि मालवण यांच्या मधे कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, मला अजून तिथेच राहायचंय. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला शाळेच्या कंपाउंडची भिंत लागते. तिच्यावर मागच्या तीन निवडणुकांचे उमेदवार एकमेकांच्या अंगावर चढून वाळत पडले होते. मला वाटलं, इथे एक छानसं चित्र हवं. आणि मला एकट्यालाच वाटलं असतं तर निभावलं असतं. पण देवळात चारचौघांसमोर मी बोलून गेलो, "सगळ्या गावाने मिळून काढूया. तुम्ही सांगा, मी रेघ मारतो, रंग सगळ्यांनी भरायचा."

यातलं मधलं वाक्य मला नडलं.

मीटिंग सभामंडपात भरली. एकाला सिंधुदुर्ग किल्ला हवा होता, एकाला दशावतारातला संकासूर, एका बागायतदाराला फक्त हापूस, तोही देठासकट. एका आजोबांनी त्यांच्या आज्याची रापण काढायला सांगितली. कल्पना उत्तम. पण रापणीचं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून किनाऱ्यावर ओढतात, आणि पलीकडच्या दोराला ज्यांचे आजे होते तेही सभेला आलेले होते. कोण किती ओढायचा, यावर पाऊण तास गेला. शेवटी मासे ठरले, कारण माशांना वारस नसतात.

तरी दोघे अडून बसले, म्हणून देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीला कळे लावले, उजवा पडला, म्हणजे देवाचा होकार. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी नारळ ठेवून गाऱ्हाणंही झालं. "ह्या मुंबयवाल्यान जो काय चित्तार काडूचो घाट घातल्यान हा, तेका यश दी, आनी तेच्या हातसून काय चूक झाली तर ती सांभाळून घे रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" चूक होणार याबद्दल गावात एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या रात्री मला कशेळीच्या सड्यावरचा हत्ती आठवला. राजापूर तालुक्यात जांभ्यावर कोरलेला, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासेसुद्धा. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोणी कोरली, कशासाठी कोरली, यावर अभ्यासक डोकं खाजवतात. हत्तीच्या पोटात एवढे प्राणी का कोंबले, ते मात्र मला त्या रात्री लख्ख समजलं. प्रत्येक वाडीने आपापला सुचवलेला असणार.

भिंतीला लोणा लागला होता. तो खरवडण्यात आणि प्रायमर वाळण्यात चार दिवस गेले. पांढऱ्या रंगाची 20 लिटरची बादली आणली, रंगछटांसाठी स्टेनरच्या बाटल्या आणल्या. तिसऱ्या दिवशी निळ्या स्टेनरची बाटली गायब. त्याच आठवड्यात बंदरावर एका होडीचा काठ ओळखीच्या निळ्या रंगाचा झाला. मी काही बोललो नाही. समुद्राला लागणारा निळा शेवटी समुद्रावरच गेला, अशी समजूत घातली आणि दुसरी बाटली आणली.

खरा प्रसंग गुदरला तो सरंग्याच्या वेळी. पापलेटला आमच्याकडे सरंगा म्हणतात, आणि 2023 साली सरकारने त्याला राज्यमाशाचा मान दिल्यापासून बाजारातल्या काकी त्याच्याबद्दल आणखीच हळव्या झाल्या आहेत. मी दोन फुटांचा सरंगा काढला होता. चंदेरी, गोल गरगरीत. काकींनी डोक्यावरची पाटी उतरवली.

"ह्यां काय?"

"सरंगा, काकी."

"मगे माज्या पाटीत काय आसा? चपला?"

मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे पोटाखाली दोन पंख खंयसून आणलंस? सरंग्याच्या पोटाखाली पंख नसतत. जल्मात सरंगो खाल्लंस काय नाय?"

मी पन्नास वर्षं सरंगा खातो आहे. पण तो ताटात येतो तेव्हा मी पंख मोजत बसत नाही. घरी जाऊन पाहिलं, बाई शंभर टक्के खऱ्या. पुढे बांगडे. पाठीवरचे काळे ठिपके, शेपटीकडचे बारीक पंख, सगळं मी जपून काढलं होतं. काकींनी लांबूनच निकाल दिला, "डोळो बघ. चार दिसांचो बांगडो. ह्यो बघून गिऱ्हाईक परत जायत." भिंतीवरच्या बांगड्याचा डोळा ताजा करायला मला दोन दुपारी लागल्या. पांढऱ्याचा एक ठिपका जरा सरकला की मासा शिळा होतो, हे कला महाविद्यालयात कोणी शिकवत नाही.

शेवटी काकींनीच पाटीतला एक सरंगा समोर धरला. "ह्येका बघून काड, आनी मगे परत दी. सहाशे रुपयांचो आसा." मी भराभर रेघा मारू लागलो. डोकं झालं, पाठ झाली, तेवढ्यात एक पाहुणे गाडी थांबवून तो सरंगा घेऊन गेले. आमच्या भिंतीवरच्या सरंग्याची शेपटी आठवणीतून काढलेली आहे. जाणकारांनी क्षमा करावी.

मुलांचं काम तेवढं बिनतक्रार झालं. म्हणजे भिंतीपुरतं. गणवेशांबद्दल त्यांच्या आया अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मग मधोमध 12 फुटांची होडी काढली आणि संध्याकाळी बंदरावरची सगळी मंडळी समोर येऊन उभी राहिली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, "होडी खंय चल्ली? भायर काय घराक?"

मी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, समुद्राच्या बाजूला काढली होती. शाळेच्या भिंतीवरून होडी कायमची बाहेर चाललेली? बायका-पोरांनी रोज काय बघायचं? होडी फिरवली. आता ती घरी येत होती, तर रिकामी कशी येईल? भरलेली होडी पाण्यात खाली बसते. म्हणून पाण्याची रेघ अर्धा फूट वर गेली आणि तिसरीच्या मुलांनी काढलेला सूर्य बुडाला. मग नंबर. बिननंबरी होडी गस्तवाले धरतात, आणि नंबर घालायचा तर कोणाचा? नंबराच्या जागेवर मी जाळं लोंबतं सोडलं. शिडाला तर तरुण पोरांनी हसूनच घालवलं. "शीड कोण लावता आता? मशीन घाला." मशीन घातलं. ते किती हॉर्सपॉवरचं दिसतं, यावरही दोन तट पडले.

31 मे रोजी चित्र पुरं झालं. पेढे वाटले. रात्री मी गाढ झोपलो.

2 जूनला एक म्हातारे काठी टेकत भिंतीसमोर थांबले. "आर्टिस्टानू, काल बंदी लागली मां? 31 जुलैपर्यंत मशीनवाल्यांनी भायर जावचां नाय. मगे ही होडी पाण्यात कशी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो, तर होडी शाकारलेली. रातोरात कोणीतरी तिच्यावर माडाचे झाप घातले होते, बोटांनीच, एकेक पातं वेगळं दिसेल असे. मशीन नाहीसं. बुडाखाली वाळूचा पट्टा, दोन्ही बाजूंना टेकू. खरं सांगतो, तीस वर्षांत मला असे झाप जमले नसते. फक्त वाळूच्या पट्ट्यात दोन बांगडे आणि तो सरंगा सापडले होते. काकी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बांगडो सुकत घातलो तर समाजतलंय. पन सरंगो कोण सुकयता?"

घरी आलो तर पडवीत एक पिशवी. आत निळ्या स्टेनरची बाटली, माझी पहिली, अर्धी भरलेली. गडग्यापलीकडून आवाज आला, "जपून ठेवा ता. नारळी पुनवेक होडी पाण्यात लोटूची आसा."